कॅलेंडरातला ‘पा’

चष्मेवाल्याकडून आलेल्या खोक्यात सगळ्यात वर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं, गुंडाळी करून रबर लावलेलं. ताईला आधी खटकलं ते हेच. ज्याच्या मनात काही काळंबेरं आहे तो माणूस पुरावा आपल्या हातानं घरपोच कशाला करेल? आणि ज्याच्या मनात काही नाही, तो बायकोचे कपडे, पुस्तकं, फोटो खाली घालून औषधाच्या दुकानानं फुकट वाटलेलं कॅलेंडर वर कशाला ठेवेल?

चष्मेवाला म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीचा, धाकटीचा नवरा. बाजाराच्या तोंडाशी त्याचं चष्म्याचं दुकान होतं. लग्नाआधी धाकटी तिथे तीन वेळा नंबर तपासून आली होती आणि तिन्ही वेळा नंबर शून्य निघाला होता. तेव्हापासून ती त्याला चष्मेवाला म्हणायची आणि ते नाव घरात चिकटून बसलं. आईला आवडायचं नाही. “जावई आहेत ते,” ती म्हणायची, “दारावर आलेले फेरीवाले नव्हेत.”

धाकटी जाऊन अकरा महिने होत आले होते. एका सकाळी तो तिला उठवायला गेला तेव्हा ती बिछान्यात पालथी आणि थंड होती. नवव्या वर्षापासून तिला अपस्मार होता. अपस्मार असलेल्या माणसांत क्वचित असं झोपेत होतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं आणि ताईनं मान हलवली. पण ताई अठरा वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लोकांची रक्तं तपासत होती. ‘क्वचित असं होतं’ हे वाक्य तिला उत्तर वाटत नव्हतं. उत्तराच्या जागी ठेवलेला शब्द वाटत होता.

शिवाय त्या सकाळच्या तीन गोष्टी तिच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. पहिली, चष्मेवाला त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपला होता. दुसरी, तो रडला नव्हता. तिसरी गोष्ट तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. माणसं जमायला लागली होती, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि चष्मेवाल्यानं खिडकीखालचा चिखलानं भरलेला बुटांचा एक जोड उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटात सगळ्यात मागे सारला. घरात बायको गेलेली आणि हा बूट आवरतोय.

“कोणाचे बूट होते ते?” तिनं महिन्याभरानं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

“बूट? कुठले?” तो म्हणाला होता, आणि रुमालानं एक स्वच्छच असलेली काच पुसायला लागला होता.

आता कॅलेंडरची गोष्ट. त्यासाठी त्या घरातला एक शब्द माहीत असायला हवा. धाकटीला पहिली फिट आली तेव्हा घरात खरोखरच पाहुणे होते. नंतर कधी फिट येत असताना फोन वाजला, की आई म्हणायची, “आत्ता पाहुणे आलेत हं, मग बोलते.” बघता बघता फिटलाच पाहुणे म्हणायला लागले. कुणी शेजारी बसलेलं असलं तरी धाकटी मोठ्यानं सांगू शकायची, “काल पाहुणे येऊन गेले. फार बसले नाहीत.” पाहुणे आले की घरातल्यांनी आधी घड्याळ बघायचं, मग तिला कुशीवर वळवायचं, आणि शेवटी कॅलेंडरात त्या तारखेला लिहायचं: ‘पा’, आणि पुढे मिनिटं. ‘पा १’. ‘पा २’. ‘पा ५’ कधीच लिहावं लागलं नव्हतं. पाच म्हणजे बोलणं बंद आणि अँब्युलन्स, हे ताईनं बारा वर्षांची असताना पाठ केलं होतं.

लग्नाच्या दिवशी तिनं नऊ नियमांचा एक कागद लॅमिनेट करून चष्मेवाल्याच्या हातात दिला होता. गोळ्यांच्या वेळा, झोप, आंघोळ करताना कडी लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, सगळं. ‘पा’ची पद्धतही त्यात होती. धाकटी वैतागली होती. “लोक भांडी देतात गं लग्नात,” ती म्हणाली होती. पण चष्मेवाल्यानं कागद शांतपणे वाचला, पुन्हा वाचला, आणि फ्रिजवर लावला. तो तिथेच होता, शेवटपर्यंत.

ताईनं रबर काढून कॅलेंडर पलंगावर पसरलं. प्रत्येक तारखेला निळ्या शाईचे दोन ठिपके, सकाळची गोळी आणि संध्याकाळची. एकही ठिपका चुकलेला नव्हता. आणि शेवटच्या पाच महिन्यांत, पेन्सिलनं, बारीक अक्षरात: पा १. पा १. पा २. पा २. पा ३.

तिनं मोजले. त्रेसष्ट.

शेवटचा ‘पा ५’ होता. धाकटी गेली त्याच्या आदल्या दिवशीच्या चौकटीत.

ताईकडे धाकटीच्या उपचारांच्या सारांशाची प्रत होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘पतीच्या सांगण्यानुसार गेल्या दहा महिन्यांत एकही फिट नाही.’

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेत आलेख कागद काढला. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर मिनिटे. बिंदू जोडले. रेषा जिना चढावा तशी चढत गेली, एक, दोन, तीन, चार, मध्ये एकदा तिनावर घसरून पुन्हा वर, पाच. रक्त काढणारे सुईकाका खांद्यावरून डोकावले.

“कुणाचा रिपोर्ट हो मॅडम? फारच शिस्तीत वाढतोय.”

“म्हणूनच बघतेय,” ती म्हणाली.

“तुमच्या नजरेतून डासाचं रक्तसुद्धा सुटायचं नाही,” म्हणत सुईकाका हात धुवायला गेले.

शिस्तीत होताच. सगळे ‘पा’ मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी पडले होते. पाहुणे वार बघून येत नाहीत, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे वार पाहुण्यांनी ठरवलेले नव्हते, माणसानं ठरवलेले होते. त्या तीन दिवशी वेगळं काय व्हायचं? ती मुद्दाम बाजारातून गेली. चष्म्याच्या दुकानाच्या शटरवर रंगानं लिहिलेलं होतं: ‘सकाळी साडेनऊ. मंगळ, गुरु, शनि मात्र अकरा.’

त्या तीन सकाळी तो घरी असायचा. आणि त्या तीन सकाळी ते व्हायचं. तो त्या सकाळी गोळी देत नसेल आणि ठिपका मात्र देत असेल? की दुसरंच काही देत असेल? ताईनं प्रत्येक शक्यता कागदावर लिहिली आणि प्रत्येकीपुढे ‘का?’ असं लिहिलं. एकाही ‘का?’ला उत्तर नव्हतं. पण उत्तर नाही म्हणून निकाल बदलत नाही.

त्याच आठवड्यात तो आईकडे आला, दौडीचं सांगायला. धाकटीला वर्ष होईल त्या रविवारी तिच्या आठवणीत दौड. जमेल ते सगळं सरकारी दवाखान्यातल्या अपस्माराच्या विभागाला, मेंदूचा आलेख काढायच्या यंत्रासाठी. धावणाऱ्यांच्या पाठीवर छापायचं: ‘फिट आली? घड्याळ बघा. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.’ टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती, तिच्याभोवती पाच फेऱ्या.

“पाचच का?” ताईनं विचारलं.

“पाच पुरे होतात.”

“एक फेरी अर्ध्या किलोमीटरची. म्हणजे अडीच किलोमीटर. अडीच किलोमीटरची दौड मी कुठे ऐकली नाही. पाच ठेवतात, दहा ठेवतात.”

“लोक नवे असतील ताई. झेपायला हवं.”

“आणि टाकीच का? सपाट मैदान आहे की गावात.”

“मैदानावर धूळ असते,” चष्मेवाला म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून पिवळा रुमाल काढला, आईचा चष्मा तिच्या नाकावरून अलगद उचलला आणि पुसायला घेतला.

तो गेल्यावर आई म्हणाली, “काय उलटतपासणी लावली होतीस! जावयाला पाणी तरी विचारलंस का? तुला ना, प्रत्येकाच्या रक्तात एक तर साखर दिसते नाही तर पाप.”

ताईनं कॅलेंडरचं आईला काही सांगितलं नाही. आईजवळ आता धाकटीऐवजी जावई होता. तो हिरावून घ्यायचा तर हातात नुसता संशय असून चालणार नव्हतं. डॉक्टरीणबाई दौडीला शिट्टी वाजवायला येणार होत्या. फाइल त्यांची होती, नोंद त्यांच्या अक्षरातली होती. त्यांच्याकडेच द्यायचं. ताईनं एका लिफाफ्यात कॅलेंडरच्या पाच पानांच्या प्रती घातल्या, आलेख घातला, आणि चार ओळी लिहिल्या: ‘सोबतच्या नोंदी आपल्या फाइलशी जुळत नाहीत. शेवटची नोंद पाच मिनिटांची आहे. त्या दिवशी कुणालाही बोलावलं गेलं नाही. घरी दुसरं कोणी नव्हतं.’ शेवटची ओळ तिनं दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा लिहिली.

रविवारी सकाळी टेकडीवर सव्वाशे माणसं जमली. टाकी जवळून फारच मोठी दिसत होती, चार मजली, राखाडी, एका बाजूनं ओल उतरलेली. तिच्याभोवती गोल वाट, वाटेला दोन्हीकडून जाळी. एका बाजूला फाटक आणि टाकीवाल्याची खोली; बरोबर विरुद्ध बाजूला थोडी मोकळी जागा, तिथे चुन्यानं आखलेली सुरुवातीची रेघ, टेबल, पाण्याचे पेले आणि आईची खुर्ची. चष्मेवाला सगळीकडे होता. छातीवरचे क्रमांक वाटत होता, वाकून कुणाच्या बुटाची नाडी दाखवत होता. ताईच्याही हातात त्यानं एक क्रमांक ठेवला.

“मी पळणार नाहीये,” ताई म्हणाली.

“नुसता लावा. तिच्यासाठी.”

तिनं लावला, कारण नाही लावला तर तो विचारेल का नाही लावला. मग टेबलाशी डॉक्टरीणबाईंना गाठून तिनं लिफाफा दिला.

“हे जरा बघाल? आजच. त्यांच्यासमोर नको.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “एवढ्यांना पळायला सोडते आणि बघते,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकाकडून हाका यायला लागल्या. टाकीवाला हाका मारत होता. साठीचा, खात्याची टोपी घातलेला, हातात जाडजूड रजिस्टर.

“घरचं कोण आहे? घरच्या कुणीतरी या इकडे! सव्वाशे माणसं आत जाणार आणि रजिस्टर कोरं? साहेबानं उद्या विचारलं तर काय सांगू, भुतं आली होती?”

आईनं ताईला हातानं ढकललं. “जा, कर सही. नाही तर तो पाण्याचाच नळ बंद करेल.”

ताई वाटेनं अर्धा वळसा घालून फाटकाशी पोहोचली तेव्हा मागे शिट्टी वाजली. टाकीवाल्यानं खुर्ची पुसून दिली. रजिस्टरात चार रकाने होते: तारीख, नाव, वेळ, येण्याचं कारण. ताईनं तारीख लिहिली, नाव लिहिलं, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली.

“कारण काय लिहू?”

“लिहा दौड. नाही तर आपलं ते लिहा, तुमच्या घरच्या बाई लिहायच्या ते.”

“कुठल्या बाई?”

“ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच की! यायच्या ना इथे पळायला. वाट तशी फक्त खात्याच्या माणसांना. मी म्हटलं, बाई, मी सोडतो, पण रजिस्टरात काय दाखवू? तर म्हणाल्या, लिहा पाहुणी. मला म्हणाल्या, काका, इतकी वर्षं पाहुणे माझ्याकडे येतायत, एकदाही बोलावलं नाही तरी. आता मी जाते पाहुणी. मला काही अर्थ लागला नाही. पण बाई मोठी हसरी.”

ताईनं पेन खाली ठेवलं. “जुनं रजिस्टर आहे?”

“हेच. वर्षानुवर्षं चालतं. इथे येतंय कोण?”

त्यानं पानं मागे उलटली. धाकटीचं तिरकं अक्षर ताईनं लांबूनच ओळखलं. मंगळवार: पाहुणी, १ फेरी. गुरुवार: पाहुणी, १ फेरी. शनिवार: पाहुणी, २ फेऱ्या. तिनं पर्समधून मूळ कॅलेंडर काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेका तारखेवर बोट ठेवत गेली. तिच्या कामात एका नमुन्यावरून कधी निकाल देत नाहीत. दुसरा नमुना घेतात आणि दोन्ही जुळतात का बघतात. हे जुळत होते. पा २, दोन फेऱ्या. पा ३, तीन फेऱ्या. त्रेसष्ट तारखा. शेवटची: पाहुणी, ५ फेऱ्या. पुढे धाकटीनं दोन उद्गारचिन्हं काढली होती, आणि समासात, सगळीकडे होती तशी, सोबतीचा म्हणून चष्मेवाल्याची सही होती.

“हे पण यायचे,” टाकीवाला सहीवर बोट ठेवून म्हणाला. “हातात घड्याळ घेऊन मागे मागे. दोघांच्या बुटांना एवढा चिखल. इथे टाकी गळते ना.”

बूट.

जाळीपलीकडून माणसं दुसऱ्यांदा धापा टाकत गेली. ताई उभी राहिली, आणि मग तिला लिफाफा आठवला. ‘घरी दुसरं कोणी नव्हतं.’ ती वाटेवर आली आणि डावीकडे, आली होती त्या बाजूला, वळायला गेली. तिकडून सव्वाशे माणसं अंगावर येत होती. वाट तीन माणसांपुरती, दोन्हीकडे जाळी. एका जाड्या गृहस्थानं तिला खांद्याला धरून फिरवलं. “बाई, सगळे एकाच दिशेनं!” मागून लोंढा आला. दुसरा रस्ता नव्हता. ताई पळाली.

ती शाळेनंतर पळाली नव्हती. पर्स कमरेवर आपटत होती, कॅलेंडर हातात फडफडत होतं, चपलेचा पट्टा टाचेला कापत होता. वाट मागच्या बाजूला चढाची होती. छातीत कळ आली. पाच फेऱ्या, तिला वाटलं, पाच फेऱ्या ही कशी पळायची? आणि लगेच आठवलं की धाकटीनं विचारलं होतं. लग्नाच्याही आधी. “ताई, मी पळायला लागू का गं? नुसतं सकाळचं?” ताई तेव्हा तिच्या टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली होती, “तू आधी नीट चालायला शीक.” धाकटी हसली होती. पुन्हा विचारलं नव्हतं.

मोकळ्या जागेपाशी ती लोंढ्यातून बाजूला झाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. मान वर केली तेव्हा उशीर झालेला होता. टेबलाशी डॉक्टरीणबाई चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बसल्या होत्या. त्यांच्या चष्म्याची एक दांडी चष्मेवाल्याच्या दातांत होती आणि त्याच्या हातात लिफाफा होता.

“स्क्रू पडला माझा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हटलं, तोवर जरा वाचून दाखवा काय आहे ते.” मग त्यांना ताईचं बोलणं आठवलं असावं. “अरे,” त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं दांडी टेबलावर ठेवली. लिफाफ्यातून त्यानं आलेख तेवढा बाहेर काढला होता. तो हसत होता. ताईनं त्याला वर्षभरात असं हसताना पाहिलं नव्हतं.

“ताई, हे तुम्ही काढलंत?” त्याचं बोट रेषेवरून चढायला लागलं. “तुम्हाला कळलं कसं? ती तर मला शपथ घालायची. म्हणायची, ताईला कळलं ना, तर ती टाकीलासुद्धा रबर लावेल. हे बघा, इथे पाय मुरगळला होता, चारावरून तिनावर आली. इथे पाऊस. आणि हे…” बोट पाचावर पोहोचलं, तिथून डावीकडे, उभ्या अक्षाकडे गेलं. “फक्त इथे चुकलंय. मिनिटं नाहीत ही, फेऱ्या…”

त्याचं बोट ‘मिनिटे’वरच राहिलं.

फ्रिजवरचा कागद त्याला पाठ होता. पाच मिनिटं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. धावणारी माणसं एकामागून एक गेली. आई दुरून कुणाला तरी शाबासकी देत होती.

“तुम्हाला असं वाटत होतं,” तो म्हणाला.

खोटं बोलायला एक सोपी जागा समोर होती. चूक झाली, मिनिटं चुकून लिहिलं. ताईनं ती जागा पाहिली.

“हो,” ती म्हणाली. “कॅलेंडर आता आलं. पण वाटत होतं ते पहिल्या दिवसापासून. तुम्ही त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपलात तेव्हापासून.”

“खोकला झाला होता मला. तिची झोप मोडली असती.” त्यानं आलेखाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “झोप मोडली की पाहुणे येतात. कागदावर तिसरा नियम आहे.”

तिसरा नियम ताईनं स्वतः, ठळक अक्षरात टाइप केला होता.

“बूट का लपवलेत?” तिनं विचारलं. विचारल्यावाचून तिला राहवेना.

“ते तिचे होते. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ होती ना. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, निदान एवढं तरी पाळू.” तो आता तिच्याकडे बघत होता, थेट, आणि ताईला कळलं की वर्षभर तो बघत नव्हता ते कशामुळे. “कॅलेंडर वर मीच ठेवलं, ताई. मुद्दाम. शपथ न सांगण्याची होती, न दाखवण्याची नव्हती. म्हटलं, तुम्ही बघाल. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. तुम्ही बघाल आणि मला सांगाल.”

“काय सांगेन?”

“त्या दिवशी ती चारावर थांबत होती. दमले म्हणाली. मी म्हटलं, एक अजून, होतं तुझ्याच्यानं. पाचवी मी करायला लावली.” त्यानं टाकीकडे मान वळवली. “डॉक्टरांनी परवानगी दिलीय, असं ती म्हणायची. ते तरी खरं होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आता कसं विचारू? त्या नाही म्हणाल्या तर?”

वर्षभर ज्याच्यावर तिनं नजर ठेवली होती, तो वर्षभर स्वतःवरच नजर ठेवून होता. आणि त्याच्याकडे तिच्यापेक्षा पुरावा कमी नव्हता.

“डॉक्टर,” ताई म्हणाली, “ती पळते हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चष्म्याशिवाय दोघांच्या मधल्या कुठल्यातरी बिंदूकडे बघत होत्या. “तिनं विचारलं, मी हो म्हटलं. एकटीनं नको, सोबत कुणीतरी हवं, एवढंच सांगितलं. माझ्या मूळ फाइलमध्ये लिहिलेलं आहे.”

“आणि पाचवी फेरी?” ताईनंच विचारलं. त्याच्याच्यानं विचारवलं नसतं.

“मी तिला बारा वर्षं बघितलं. तिचं काय झालं त्याला नाव आहे, पण त्या रात्रीच का झालं हे मला सांगता येत नाही. पळाली म्हणून झालं असं मला वाटत नाही. पण नक्की माहीत नाही ते नक्की म्हणून सांगायचं, तर ते तुम्हालाही चालणार नाही, बाई. तुम्हाला तर नाहीच.” त्यांनी हात पुढे केला. “आता कुणी माझा चष्मा देईल का? समोर दोन डाग बोलतायत.”

चष्मेवाल्यानं खिशातून बारकासा स्क्रूड्रायव्हर काढला. स्क्रू दोनदा गवतात पडला. दुसऱ्यांदा तो ताईनं शोधून दिला.

मग तिनं आलेख त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर पसरला. प्रयोगशाळेत चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत, कागद फाडून टाकत नाहीत. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द, शेजारी सही आणि तारीख. ताईनं ‘मिनिटे’वर रेघ मारली. वर ‘फेऱ्या’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. लिफाफ्यातलं चार ओळींचं पत्रही तिनं काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

“हे तुम्ही वाचलं नाहीत अजून. वाचा.”

त्यानं वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खरंच आहे,” तो म्हणाला. “घरी दुसरं कोणी नव्हतं.” त्यानं पत्राची घडी घालून लिफाफ्यात ठेवली आणि लिफाफा ताईला परत दिला. तिनं तो घेतला. तो फाडावा असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

“अगं ए!” खुर्चीतून आई ओरडली. हातातल्या टाळीचा ताल न चुकवता ती छातीवरचे क्रमांक वाचत होती. “क्रमांक लावून गप्पा कसल्या मारतेस? तुझी अर्धीच फेरी झालीय, मी बघतेय! जावईबापू, तुमची तर एकही नाही!”

ताईनं चपलेचा पट्टा ओढून घट्ट केला.

“साडेचार राहिल्या,” चष्मेवाला म्हणाला.

“माझ्या साडेचार. तुमच्या पाच,” ताई म्हणाली. “आणि मला चढावर दम लागतो. पुढे पळायचं नाही.”

“नाही,” तो म्हणाला. त्यानं खिशातून स्टॉपवॉच काढलं. “मला मागेच राहायची सवय आहे.”